गुडघ्याखालचा पाय

आपण काय बनवतोय हे ज्या माणसाला कधी दाखवलंच नाही, त्याच्या हातून झालेली चूक कुणाची? करणाऱ्याची, की न दाखवणाऱ्याची?

तुम्ही नोकरी करत असाल, दुकान चालवत असाल, घरात कामाला बाई ठेवली असेल, तरी हा प्रश्न तुम्हालाच विचारतेय. मनात एक उत्तर ठरवा आणि मग पुढचं वाचा. मधेच बदलावंसं वाटलं तर बदला. मलाही माझी काही उत्तरं बदलावी लागली.

हे माझ्या अम्माबद्दल आहे. अम्मा म्हणजे माझी आई. घरात आम्ही तेलुगू बोलतो, भांडतो मात्र मराठीत. अम्माने बावीस वर्षं सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात गाठी मारल्या. मागावरचा बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, संपला की नवा चढतो, आणि जुन्याच्या प्रत्येक उभ्या धाग्याला नव्याचा धागा जोडावा लागतो. एकेक करून, हजारो. तिची गाठ इतकी सपाट असायची की चादरीवरून बोट फिरवलं तरी लागायची नाही. पण गाठ मारून काम संपत नसे. गाठ घट्ट झाली की धाग्याची उरलेली शेपूट तिथल्या तिथे तोडायची, गाठीला चिकटून. शेपूट राहिली तर ती फणीत अडकते, धागा तुटतो, माग थांबतो. त्यामुळे तिच्या हाताला एकच चाल ठाऊक होती: गाठ आणि कच्, गाठ आणि कच्. लहान कात्री उजव्या करंगळीत कायम अडकवलेली. घरी गजरा ओवला तरी टोकाचा दोरा ती असाच कापते. देवाच्या हारालासुद्धा शेपूट ठेवत नाही.

मग कारखाना बंद झाला. माग भंगारात गेले. त्याच सुमारास एमआयडीसीतल्या एका शेडवर पाटी लागली: गाठ मारण्याचा हात असलेल्या महिला पाहिजेत. ही पाटी लक्षात ठेवा. तीच माणसं, तोच हात पाहिजे म्हणून त्यांनीच बोलावलं होतं. अम्मा गेली, तिच्या कारखान्यातल्या पाच जणी गेल्या, आणि बी.ए. होऊन स्पर्धा परीक्षांचे फॉर्म भरत घरी बसलेली मीही गेले.

शेडचे दोन भाग होते. बाहेर एक लांब टेबल, वर ट्यूबलाइट, दोन्ही बाजूंना मिळून आम्ही चौदा जणी. आत काचेचा दरवाजा, त्यामागे एसी, आणि तिथे चार-पाच शिकवून तयार केलेली माणसं बसायची. आमचं काम ट्रेमधून आत जायचं. आतून जे बाहेर यायचं ते बंद खोक्यातून.

पहिल्या दिवशी सुपरवायझरने आम्हाला गोळा केलं. त्याने पक्ष्याचं एक लांब तपकिरी पीस उचललं, कात्रीने त्याच्या कडेचे दोन तंतू कापले, पाण्यात बुडवले, चिमट्याने त्यांच्यात एक गाठ ओढली आणि फोमच्या पट्टीत खोचलं. सगळं मिळून तेवढ्यात झालं जेवढ्यात तुम्ही शर्टाचं एक बटण लावाल.

"बस, एवढंच. अशा पट्ट्या भरायच्या. काही प्रश्न?"

अक्काने हात वर केला. अक्का ही अम्माची कारखान्यापासूनची मैत्रीण, अक्कलकोटकडची, निम्मं कन्नड निम्मं मराठी बोलणारी. आमच्या घरात तिला नावाने कुणी हाक मारत नाही.

"साहेब, हे हाय काय?"

"पाय आहेत."

"कुणाचं पाय?"

"तुम्हाला काय करायचंय, अक्का? फॉरेनला जातात."

अक्का माझ्याकडे वळली. "पाय तेवढं फॉरेनला चाललं बघ. बाकीची आपण हितंच."

सगळ्या हसलो आणि कामाला लागलो. आज मला त्या हसण्याचा राग येतो. प्रश्न बरोबर होता, उत्तर मिळालं नव्हतं, आणि आम्ही ते विनोदावर सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझर सहा पट्ट्या घेऊन टेबलाच्या टोकाला उभा होता. सहाही पट्ट्या कारखान्यातून आलेल्या बायकांच्या होत्या.

"हे काय आहे?"

"पाय," अम्मा म्हणाली.

"कुठायत पाय? गाठीच्या खाली काहीच नाहीये."

"खाली काय असतंय? शेपूट कापली की." अम्माने पट्टी हातात घेतली, डोळ्याजवळ धरली. "गाठ तर बघा, साहेब. एक तरी ढिली हाय का?"

"गाठ एक नंबर आहे, मावशी. पाय नाहीयेत."

झालं होतं ते असं. किड्याचं मला नंतर कळलं, पण इथेच सांगते. ती गाठ म्हणजे किड्याचा गुडघा. तंतू तिथे मोडतो, वाकतो, आणि गाठीच्या खाली जो भाग लोंबत राहतो तो गुडघ्याखालचा पाय, पावलापर्यंत. अम्माला आणि तिच्या मैत्रिणींना वाटलं होतं की गाठ म्हणजेच पाऊल. आणि गाठीनंतर जे उरतं ते कापायचं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. बावीस वर्षं सांगितलं गेलं होतं. त्या सहा जणींनी एका दिवसात शेकडो किडे गुडघ्यापासून छाटून ठेवले होते, आणि प्रत्येक छाट इतकी स्वच्छ होती की कारखान्यात शाबासकी मिळाली असती.

माझ्या पट्ट्या पास झाल्या. का? मला शिस्त नव्हती म्हणून. मी कधी मागावर बसले नव्हते, उरलेली टोकं मला खुपत नव्हती. माझ्या गाठी वाकड्या होत्या, एकीचा गुडघा वर, दुसरीचा खाली, पण पाय होते. टेबलावरच्या बाकी तरुण मुलींचंही तसंच.

त्याने सांगितल्यावर अम्माला कळलं. कळायला तिला एक मिनिट लागलं नाही. पण हाताला कळलं नाही. ती दहा पाय नीट करायची आणि अकराव्याला करंगळीतली कात्री आपोआप चालायची. कच्. मग ती त्या तुटक्या पायाकडे बघत बसायची, जणू दुसऱ्याच कुणी तो कापलाय. अक्काची गत वेगळी होती. तिला दाताने धागा तोडायची सवय, त्यामुळे ती कात्री बाजूला ठेवून शहाण्यासारखी बसायची आणि पाय तोंडाने कुरतडायची.

दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी सुपरवायझरने जाहीर केलं. पुढच्या शनिवारपर्यंत या सहा जणींनी यायचं, नंतर नको. फाटकावरची पाटीही बदलली होती: महिला पाहिजेत, वय तीसच्या आत.

"वाईट वाटून घेऊ नका, मावशी," तो अम्माला म्हणाला. खरं सांगायचं तर तो वाईट माणूस नव्हता, आवाजही चढवला नव्हता. "हात एकदा पक्का झाला की बदलत नाही. हे सायन्स आहे. तुमचीच मुलगी बघा. तिला एकदाच दाखवलं."

त्याने माझ्याकडे बोट केलं. टेबलावरच्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, अम्माने सोडून.

तिथून पुढे प्रश्न एकच होता. बावीस वर्षं काम केलेल्या सहा बायका त्या टेबलावर राहणार की नाही. बाकी काहीही सांगत असले तरी मी त्याबद्दलच सांगतेय.

आता माझी चूक सांगते. मी पत्रकांवर वाढले. वडील एका छापखान्यात घड्या घालायचे, आणि जे कागद छपाईत बिघडायचे ते घरी आणायचे. मोर्चाची पत्रकं, संपाची, पाणीटंचाईची, गिरणीच्या देण्यांची. मागच्या कोऱ्या बाजूला मी गणितं सोडवली आणि पुढच्या बाजूला वाचायला शिकले. मी आयुष्यात जुळवून वाचलेला पहिला शब्द 'बंधूंनो' आहे. बहिणी कुठायत, असं मी विचारलं तेव्हा वडील म्हणाले, खालच्या ओळीत असतील, वाचत जा. ते आता नाहीत. पण काही अन्याय दिसला की माझा हात आपोआप कागदाकडे जातो. हात पक्का होण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगितलं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी पत्रक लिहिलं. पानभर. संध्याकाळी आमच्या घरी अम्मा आणि अक्का भाकरी थापत होत्या, त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. श्रमिक होते त्यात, शोषण होतं, भांडवल होतं, 'यापुढे सहन करणार नाही' असं दोनदा होतं.

अक्काने शेवटपर्यंत ऐकलं. मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "लई भारी लिवलंय. पर ह्यात आमी कुटं हाय?"

"सगळं तुमच्याबद्दलच आहे, अक्का."

"न्हाय की. हे समद्यांबद्दल हाय. ह्यात पाय कुटं हाय? कात्री कुटं हाय? साहेब वाचंल आणि म्हणंल, हे दुसऱ्या कारखान्याचं असंल, हितं चुकून आलं."

 मला राग आला. गुरुवारी मी तो राग टेबलावर काढला. दिवसभरात बांधलेले सगळे पाय मी गुडघ्याखाली छाटले. मुद्दाम, एकही न सोडता, आणि पट्ट्या ट्रेमध्ये ठेवल्या. मला वाटलं, आता काढा म्हणावं मलाही. आता तुमचं सायन्स कुठे गेलं ते सांगा.

शुक्रवारी सकाळी त्याने पट्ट्या पाहिल्या आणि मान हलवली. "आता ही पण बिघडली. घरातूनच आहे म्हणजे."

एवढंच. माझ्या बंडातून त्याने जे समजायचं ते समजून घेतलं: रोग आईचा आहे आणि तो पसरतोय.

अम्माने त्या पट्ट्या बघितल्या होत्या. संध्याकाळी घरी आलो. तिने दारात चपला काढल्या आणि म्हणाली, "ती तुझी कात्री होती. मी कापलं असतं तर गाठीला लागून कापलं असतं. तुझं एक इथं, एक तिथं."

"मी तुमच्यासाठी केलं, अम्मा."

"माल बिघडवून भांडतात का?"

"मग कसं भांडतात?"

"मला काय माहीत. तू शिकलीस." ती भिंतीला टेकून बसली. "मी चुकते ती मला नको असताना चुकते. मला त्याची लाज हाय. तू मुद्दाम चुकलीस आणि त्याच ट्रेमध्ये ठेवलंस. त्याला फरक काय दिसणार? माझी चूक घेऊन तू माझी नक्कल केलीस. नक्कल केली की चेष्टा होते, मग मनात काही का असेना."

 ते खरं होतं.

मग तीच म्हणाली, "एवढं पानभर लिहिलंस. ते कशाचे पाय हायत ते आधी सांग की."

मला माहीत नव्हतं. दोन आठवडे मी ते बांधत होते, त्यावरून पत्रक लिहिलं होतं, त्यावरून काम बिघडवलं होतं, आणि ते काय आहे हे मी शोधलं नव्हतं. फोन माझ्या हातात होता. सुपरवायझरने सांगितलं नाही हा त्याचा गुन्हा. पण अक्काने पहिल्या दिवशी जे विचारलं ते मी दोन आठवड्यांत एकदाही विचारलं नाही, हा कुणाचा?

शोधायला पाच मिनिटं लागली. परदेशात थंड नद्यांमध्ये लोक हौसेने मासे पकडतात, गळाला नकली किडा बांधून. पिसांचा, दोऱ्याचा, नखाएवढा. पाण्याखाली वाढणाऱ्या किड्याच्या पिल्लाची नक्कल असेल तर त्याला निम्फ म्हणतात. त्यातली एक जात चतुराच्या पिल्लाची. तोच चतुर, जो आपल्याकडे पावसाळा सरला की मैदानावर घिरट्या घालतो आणि ज्याच्या शेपटीला आम्ही लहानपणी दोरा बांधायचो.

मी अम्माला फोटो दाखवला. तिने फोन लांब धरला, जवळ धरला, परत दिला.

"फोटोत तो पडलाय नुसता. चालताना बघायचंय मला."

रविवारी आम्ही दोघी तुळजापूर रोडने हिप्परग्याच्या तलावावर गेलो. काठावर एक म्हातारा जाळं वाळत घालत होता. अम्मा साडी खोचून घोटाभर पाण्यात उतरली आणि दगड उलटे करू लागली.

"काय हुडकताय, मावशी?" त्याने विचारलं.

"किडा."

"किडा? मासं न्हाय?"

"किडाच पाहिजे. पाण्यातला. सहा पायांचा."

त्याने आमच्याकडे नीट बघून घेतलं. शहरातून आलेली येडी माणसं त्याने याआधीही पाहिली असणार. मग तो पाण्यात आला, पायानेच शेवाळाचा एक झुबका ओढून काठावर टाकला आणि बोटाने उसकटला. "हे बगा. चतुराचं पिल्लू. माशास्नी लई आवडतंय."

चिखलाच्या रंगाचा, चपटा, कुरूप किडा होता तो. अम्माने ओंजळीत पाणी घेतलं आणि त्याला त्यात सोडलं. तो थोडा वेळ मेल्यासारखा पडून राहिला. मग पाणी बोटांमधून गळून गेलं आणि तो तिच्या तळहातावर चालू लागला. गुडघे पाठीच्याही वर निघाले होते, तंबूच्या खांबांसारखे. आणि गुडघ्याखालचा पाय वरच्यापेक्षा लांब होता, केसासारखा बारीक, टोकाला आकडा. त्या आकड्यांनी तो तिच्या कातडीला धरून होता.

"गुदगुल्या करतंय," अम्मा म्हणाली. आणि मग तेलुगूत, "चूडू." बघ. "मी जे कापत होते ना, त्याच्यावरच चालतंय हे."

ती किती वेळ बघत होती मला सांगता येणार नाही. माझी टाच चिखलात रुतली होती आणि म्हातारा जाळ्याकडे परत गेला होता. मग तिने किडा माझ्या हातात दिला, काठावरचं गवताचं एक लांब पातं तोडलं आणि त्याला गाठ मारली. गुडघा. उजवा हात सवयीने करंगळीकडे वळला. करंगळीत कात्री नव्हती, रविवार होता. हात तिथे जरा घुटमळला आणि परत आला. तिने दुसरं पातं घेतलं. दहा झाली, अकरावं झालं, वीस झाली. प्रत्येक वेळी हात कात्री शोधायला जायचा, रिकामा परत यायचा, आणि पाय शाबूत राहायचा.

"कात्री टेबलावर ठेवलीच कुणी?" ती म्हणाली.

खरंच, कुणी ठेवली होती? पिसाचे तंतू कापायला कात्री लागते, पण ते काम आधीचं. गाठीनंतर कात्रीचं कामच नाही. प्रत्येकीच्या उजव्या हाताला एकेक कात्री मांडून ठेवायची आणि मग हात बदलत नाहीत म्हणायचं, हे यांचं सायन्स.

भाकरीचा स्टीलचा डबा आम्ही तलावावरच रिकामा केला, धुतला, त्यात पाणी, शेवाळ आणि तीन पिल्लं घातली. परतीच्या गाडीत अम्माने तो मांडीवर धरला होता, झाकण किलकिलं ठेवून. शेजारच्या बाईने विचारलं, डब्यात काय आहे. अम्मा म्हणाली, साहेब आहेत.

सोमवारी अम्मा सगळ्यांच्या आधी पोचली. आम्ही आत गेलो तेव्हा डबा टेबलाच्या मधोमध होता आणि ती चौदा जागांवरच्या चौदा कात्र्या गोळा करत होती. एक कात्री तिने मला दिली. "तू फक्त तंतू कापायचे. सगळ्यांसाठी. ओले करून थाळीत ठेवायचे. कापून झाले की ही पण कपाटात."

अक्का म्हणाली, "कात्री घेतलीस, बरं केलंस. माझं दात कुटं ठेवू?"

"तोंडात सुपारी धर."

"दिवसभर?"

"शनिवारपर्यंत तरी."

मग एकेक जण डब्यापाशी आली. काही मुली किंचाळल्या, काहींनी बोट घातलं. चालताना सगळ्यांनी पाहिलं. 

सुपरवायझर आला. "हे काय आणलंय?"

"ज्याचे पाय आम्ही बांधतो, तो," अम्मा म्हणाली.

"मावशी, शेडमध्ये किडे आणायचे नाहीत."

"किड्याच्या कारखान्यात किडा चालत न्हाय व्हय?" अक्का सुपारी गालात सरकवत म्हणाली.

"कात्र्या कुठायत?"

"कपाटात. किल्ली लावलेलीच होती, आता माझ्याकडं हाय."

"कुणाला विचारून?"

"आम्हाला काढायचं कुणाला विचारून ठरवलं?" अम्माने हे मोठ्याने म्हटलं नाही. ती मोठ्याने बोलतच नाही. "साहेब, आतली वस्तू बाहेर आणून दाखवा. आमचे पाय कुठं लागतात ते बघायचंय. बघितलं की हात लावतो."

तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. अक्काने ठेवले. मग कारखान्यातल्या बाकी चौघींनी, आणि मग एकेक करून त्या मुलींनीही, ज्यांना कुणी काढणार नव्हतं. माझ्या तोंडात पत्रकातलं आख्खं पान आलं होतं. अम्माने टेबलाखाली माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

मालकाला बोलावणं गेलं. मालक माझ्याहून फार मोठा नसेल. तो आला, डब्यात वाकून बघितलं आणि म्हणाला, "हा खरा आहे?" त्यानेही कधी पाहिला नव्हता. धंदा करत होता, कागद बघत होता, किडा पाहिला नव्हता. तो आत गेला आणि तळहातावर तयार निम्फ घेऊन आला. दोन आठवड्यांत पहिल्यांदा आम्ही तो बघितला. तपकिरी अंग, पाठीवर चकचकीत पट्टी, पोटाखाली गळ, आणि दोन्ही बाजूंना आमचे पाय.

त्याने तो डब्याशेजारी ठेवला. अम्मा एकदा डब्यात बघायची, एकदा बाहेर.

"शेठ, ह्याचे गुडघे खाली का हायत?"

मालक निम्फवर वाकला.

"पिल्लाचे गुडघे पाठीच्या वर असतात. ह्याचे पोटाखाली गेलेत, पावलं वर आलीत. उलटे लावलेत."

"मेलेल्या झुरळावानी," अक्का म्हणाली.

मालकाने खिशातून किल्ल्या काढल्या, आपल्या कपाटातून परदेशातून आलेली नमुन्याची डबी काढली, उघडली आणि बराच वेळ बघितली; आतल्या नमुन्याचे गुडघे पाठीच्या वर होते. मग डबी बंद केली आणि ती घेऊन आत गेला. काचेमागच्या माणसांनाही कुणी खरा किडा दाखवला नव्हता. त्या दुपारी काचेचा दरवाजा उघडा होता. एसीची हवा बाहेर येत होती आणि आतली दोन पोरं डब्याभोवती उभी होती.

त्या आठवड्यात अम्माच्या पट्टीत एकही छाटलेला पाय निघाला नाही. अक्काच्या पट्टीत तीन निघाले, सुपारी संपल्यावरचे. शनिवार आला. सहा जणी सोमवारीही आल्या. राहा असं त्यांना कुणी म्हणालं नाही आणि जा असंही नाही. पिल्लं आम्ही तलावात सोडून आलो. आता टेबलाच्या मधोमध बुचाच्या एका तुकड्यावर तयार निम्फ खोचून ठेवलेला असतो, आणि कात्र्या सकाळी नऊनंतर कपाटात जातात.

तुम्हाला वाटेल गोष्ट संपली, चांगली संपली. नाही. फाटकावरची पाटी तशीच आहे. वय तीसच्या आत.

काम वाढलं तेव्हा मालकाने अम्माला बोलावून सांगितलं, नव्या मुली घेतोय, तुम्ही त्यांना शिकवा. अम्मा म्हणाली, शिकवते, आधी पाटी काढा.

"पाटीचं काय एवढं? तुम्ही तर आत आहात ना."

"मी हाय. माझ्यासारख्या बाहेर हायत."

तीन आठवडे झाले. तिने एकीलाही शिकवलेलं नाही. नव्या मुली येतात, फोनवरचा व्हिडिओ बघतात, पिसं तोडतात, रडकुंडीला येतात आणि चोरून तिच्याकडे बघतात. तिला त्यांची दया येते, मला दिसतं ते. तरी ती आपल्या पट्टीवरून मान वर करत नाही. शेजारपाजारचे तिला म्हणतात, मिळालंय ते टिकव. मालक उद्या तिला काढूही शकतो. तिला ते माहीत आहे आणि ती रोज सकाळी साडेआठला तिथे असते.

हे नवं पत्रक मी छापायला देणार होते. अम्माने हे आधी वाचायला मागितलं, दोन वाक्यं खोडली आणि म्हणाली, शेवटी काय करायचं ते साधं सांग, लोकांना कामं असतात.

तर साधं सांगते. तुमच्या गल्लीत एखादी बाई असेल जिने मागावर, कांडीवर, गाठींवर आयुष्य काढलं आणि आता तीस ओलांडलं म्हणून ती घरी बसली आहे. तिच्याकडे जा. तिला म्हणावं, सोमवारी एमआयडीसीतल्या आमच्या शेडच्या फाटकापाशी ये, पाटी वाचून परत फिरू नकोस, आत जाऊन नाव लिहायला सांग. घेतलं नाही तर तिथेच सावलीत बसून राहावं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही चौदा जणी बाहेर येतो, तिच्याशेजारी बसूनच जेवू. तुम्ही सोलापुरात नसाल तर तुमच्या गावातही अशी एखादी पाटी असेलच. तिथे जा. आणि तिला एकटीला पाठवू नका. सोबत तुम्हीही चला.